बांधावरचा झेंडा

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. भादव्यातली उघडीप, ऊन अजून कोवळं, कपाशीचं पानसुद्धा हलत नव्हतं. फवारणीच्या विमानाला असाच दिवस लागतो.

"मग तडवीलाच का, मास्तर?"

रणधीर साहेबांनी हे विचारलं, तेव्हा मी विमानाच्या पंखाच्या सावलीत बसून काठीला झेंड्याचं फडकं बांधत होतो.

माझं काम साधं. बांधावर झेंडा धरून उभं राहायचं. विमान झेंड्याच्या रोखानं येतं, पिकाला चाटून औषध सोडत येतं, आणि बांध आला की वर उचलतं. ते जवळ आलं की आपण बाजूला व्हायचं. पुढच्या पट्ट्याला पुन्हा उभं राहायचं.

घारपुरे मास्तर विमानाची काच पुसत होते. रणधीर साहेबांना आणि हुसेन तडवीला पिकावरून उडायला त्यांनीच शिकवलं. विमान मात्र एकच. आजचं शेत विजेच्या तारांखालचं. ते ज्याला मिळेल, त्याच्याकडे हंगामभर विमान राहणार. दुसऱ्यानं घरी जायचं.

आणि मास्तरांनी हुसेनचं नाव घेतलं होतं.

"त्याची चाकं बघा, मास्तर. रोज संध्याकाळी बघतो मी. एक पान लागलेलं नसतं. माझ्या चाकांत कपाशीची पानं अडकतात. मग खालून कोण उडतं?"

"रोज बघतोस?"

"रोज."

खोटं नव्हतं ते. कापसाच्या जिनिंगच्या आवारात दोघांच्या खोल्यांना मधे एकच भिंत. हुसेन शेजारी घोरायला लागला, की रणधीर साहेबांची झोप उडायची. एवढा निवांत झोपतो कसा म्हणून.

मास्तर काच पुसत राहिले...

"खाली आलास की काय दिसतं तुला?"

रणधीर साहेबांचा चेहरा उजळला. "सगळं! जमीन अंगावर धावून येते, मास्तर. पलीकडच्या वावरातल्या बाया खुरपी टाकून वर बघतात. हा उखा दिसतो, आ वासलेला. आणि..."

"आणि?"

"तुम्ही दिसता. तडवीशी बोलत उभे असता."

मास्तरांनी माझ्या हातातला झेंडा घेतला आणि रणधीर साहेबांच्या हातात दिला.

"मी? झेंडेवाला?"

"आजच्या दिवस."

रणधीर साहेब ताडताड निघाले. मी मागं मागं.

"उखा, आज गंमत बघ. मी बाजूला होणारच नाही. मला बघून त्यानं बांधाच्या आधी वर उचललं, की मास्तरांना कळेल कोण कच्चा ते."

"साहेब, असं नका करू. मी दहा वर्षं झेंडा धरतो. दर वेळी बाजूला होतो."

"तू झेंडेवाला आहेस."

ते तर खरंच होतं. मी बांधाजवळच्या चिंचेखाली जाऊन बसलो.

आधी आवाज नव्हता. मग सगळीकडे आवाजच. वर तारा, खाली कपाशी, मधल्या फटीतून दोरा ओवावा तसं हुसेननं विमान आत घातलं. नाक झेंड्याकडे. रणधीर साहेब छाती काढून उभे. विमान येतंय, येतंय...

मी डोळे मिटले.

उघडले तर विमान चिंचेवरून वळत होतं. रोज जिथं उचलतं तिथंच उचललं होतं. हातभरही आधी नाही.

रणधीर साहेब काळ्या मातीत पालथे पडले होते. तोंड चिखलात. पण मूठ तेवढी वर होती, काठी उभी होती, फडक्याला माती लागली नव्हती.

हुसेन उतरला, तेव्हा साहेब हौदावर तोंड धूत होते. तसेच निथळत आले. आधी चाकं बघितली.

एक पान नाही.

मास्तर म्हणाले, "चाकांना काय विचारतोस? त्याला विचार."

साहेब हुसेनकडे वळले. चिखल अजून कानामागून ओघळत होता.

"हुसेन... बांधावर मला बघितलंस?"

हुसेननं टोपी काढली. घाम पुसला. आपल्या शेजाऱ्याकडे बघत राहिला.

"तू होतास तिथं? मला तर झेंडाच दिसला."