दोन साळुंक्या आणि वारुळामागच्या शेंगा

जंगलातल्या वाटांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एक खार खाऊ पुरून ठेवायची आणि कुठे पुरला तेच विसरायची. घरात तीन पिल्लं, तिन्ही सदा भुकेली. म्हणून तिने चिंचेवरच्या साळुंकीला सगळ्या जागा लक्षात ठेवायला सांगितल्या. मग तिला धास्ती वाटली, "वादळात चिंचच पडली तर?" तिने जांभळीवरही एक साळुंकी नेमली.

"जे जे ऐकाल, ते लगेच दुसरीला सांगायचं," तिने दोघींना बजावलं.

सकाळी ती चिंचेखाली म्हणाली, "शेंगा वारुळामागे."

चिंचेवरची ओरडली, "अगं, शेंगा वारुळामागे!"

जांभळीवरचीने ऐकलं, म्हणून तीही ओरडली, "अगं, शेंगा वारुळामागे!"

ते चिंचेवरचीने ऐकलं. ऐकलं म्हणजे सांगायलाच हवं.

दुपारपर्यंत दोघींचे घसे बसले. खाली खार विनवत होती, "बायांनो, कालच्या बिया कुठे ठेवल्या ते सांगा ना!" पण तिच्याकडे बघायला सवड कुणाला?

शेवटी ती किंचाळली, "चुकलं माझंच! मी सांगेन तेवढंच पुढे सांगा. एकमेकींकडून ऐकाल ते नुसतं लक्षात ठेवा!"

एकदम शांत झालं. पिल्लं उपाशी असतील म्हणून खार वारुळामागे धावली. तिथे तिघंही पोटं वर करून पसरली होती, भोवती नुसती टरफलं.

"आई, ऐकून ऐकून जागा पाठच झाली," धाकटं म्हणालं. "आता कालच्या बियांचंही असंच ओरडायला सांग ना!"