रानकोंबडी आणि पंचाचं पान

एका डोंगराच्या कुशीत जंगल होतं, आणि त्या जंगलातल्या करवंदीच्या दाट जाळीत एक रानकोंबडी राहत असे. तिची स्वतःची पिल्लं केव्हाच मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली होती. पण मुलांनो, ज्या पंखांना ऊब द्यायची सवय लागली, ते रिकामे कसे बसणार? म्हणून ती दुसऱ्यांची पिल्लं सांभाळायची. सकाळी आईबाप पोरांना जाळीत सोडून चाऱ्याला जायचे आणि दिवस मावळता घेऊन जायचे. येताना कोणी चोचीपुरते दाणे आणायचं, कोणी चार पिकली फळं. त्यावर कोंबडीचं छान भागायचं.

जाळीत पाच पोरं होती. सशाची जुळी, दिसेल ते कुरतडणारी. हरिणीचं पाडस, पान हललं तरी दचकणारं. खारीचं पिल्लू, एका जागी बसेल तर शपथ. आणि साळिंदराचं पोर, स्वभावानं लोण्यासारखं, पण जवळ घेतलं की टोचायचं. त्याचा बाप रात्रभर कंदमुळं उकरायचा आणि दिवसा झोपायचा. पोर घरात असलं की झोपेचं खोबरं व्हायचं, म्हणून तोही पोराला इथेच आणून सोडायचा. कोंबडी दिवसातून दहा वेळा मोजायची, "एक, दोन, तीन, चार, पाच." पाच भरले की तिचा जीव भांड्यात पडायचा.

या जंगलाची एक जुनी रीत होती. अधूनमधून सभा भरायची. तोवर कुणाचं भांडण झालं, कुणावर आळ आला, तर पाच पंच बसून निवाडा करायचे. पंच नेहमीचे नसत, दर खेपेला नवे. सुतारपक्षी पळसाच्या पानाला भोकं पाडायचा आणि भारद्वाज ते पान ज्याच्या दारात टाकेल त्यानं पंच म्हणून जायचं. जितकी भोकं, तितक्या दिवसांनी सभा. वाघोबा असो की उंदीर, पान आलं की जायचंच. जो न सांगता गैरहजर राहील, त्याला मोहाचा एक आख्खा बहर पाणवठा बंद.

आणि एके दिवशी, ऐन मोह फुलायच्या दिवसांत, पान पडलं ते नेमकं कोंबडीच्या दारात!

"पंचाचं बोलावणं आहे. यावं लागेल," भारद्वाज लाल डोळे गरगरा फिरवत म्हणाला आणि तांबडे पंख सावरत निघूनही गेला. मोठा कामाचा पक्षी तो, त्याला थांबायला वेळ कुठला!

कोंबडीची पाचावर धारण बसली. सभेला जावं, तर पोरांना कोण बघणार? मोहाची फुलं वेचायला आईबाप दूरदूर गेलेले आणि साळिंदर दिवसा झोपलेला. जाळी एक दिवस उघडी राहिली आणि वरून ससाण्यानं झडप घातली तर? बरं, न जावं तर पाणवठा बंद. उन्हाळ्याचे दिवस, पाच पोरांना पाणी कुठून पाजायचं? एक वाट होती, आईबापांना सांगायची. पण तीही तिला धड वाटेना. "आज सांगितलं की मावशी एक दिवस नाही, तर उद्या म्हणतील, मग आम्ही दुसरीच मावशी बघतो," असं तिच्या मनानं घेतलं. ओढ्यापलीकडे एक टिटवी पोरं सांभाळायला बसलीच होती.

मग कोंबडीनं काय केलं असेल? जे तुम्ही शाळेतून आणलेल्या चिठ्ठीचं करता तेच केलं. पान उचललं आणि घरट्याच्या गवताखाली सारून दिलं. वर स्वतः बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची!

दोन दिवस गेले. पान खाली आणि कोंबडी वर. दाणा गोड लागेना. पोरं विचारत, "मावशी, आज गोष्ट नाही का?" तर ती खेकसायची, "गप झोपा!" असं ती आजवर कधी बोलली नव्हती. साळिंदराच्या पोराला तर रडूच कोसळलं.

तिसऱ्या दिवशी ती दारात पाणी शिंपडायला गेली नि परत येऊन बघते तर काय! घरट्याचं गवत विस्कटलेलं आणि सशाची जुळी मिटक्या मारत बसलेली. एकाच्या तोंडातून हिरवा देठ तेवढा बाहेर लोंबत होता.

"अगं बाई! पान खाल्लंत?"

"हो मावशी. मऊ होतं," धाकटा म्हणाला.

"भोकं पडलेलं होतं, पण चव चांगली होती," थोरल्यानं आपलं मत दिलं.

कोंबडीनं कपाळावर पंख मारून घेतला. आता सभा कधी ते तरी कसं कळणार? भोकं किती होती, पाच की सहा? दिवसातून दहा वेळा पोरं मोजणाऱ्या या बाईनं भीतीच्या भरात भोकं एकदाही मोजली नव्हती. आणि पंचाचं पान खाऊन टाकलं म्हणजे काय साधा गुन्हा झाला? तिला स्वतःपेक्षा त्या जुळ्यांचीच जास्त भीती वाटली. लहान जीव ते, त्यांना पंचांसमोर उभं केलं तर!

आता लपवून चालणार नाही हे तिला कळलं. मग उठली, देठ चोचीत धरला आणि पोरांना म्हणाली, "चला. एकमेकांना सोडायचं नाही."

भर दुपारी ती वरात निघाली. पुढे कोंबडी, मागे पाडस, त्याच्या पायांत जुळी, पाठीवर खारीचं पिल्लू, आणि सगळ्यांत शेवटी, कुणाला टोचू नये म्हणून दोन पावलं अंतर ठेवून, साळिंदराचं पोर. वाटेत ज्यानं त्यानं वळून बघितलं.

पाणवठ्याकाठी जांभळीखाली म्हातारा गवा रवंथ करत बसला होता. सभेत तोच मुख्य. सगळं जंगल त्याला आबा म्हणायचं. शेजारीच फांदीवर भारद्वाज होता.

कोंबडीनं देठ गव्यापुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "आबा, माझं चुकलं. पान आलं होतं, मी ते लपवलं. कुणाला सांगितलं नाही. मला यायचं नाही असं नाही हो, पण या पाच जिवांना कुणाच्या पदरात टाकू? आणि पान या पोरांनी खाल्लं. त्यांना शिक्षा करू नका, लक्ष माझं नव्हतं."

"पंचाचं पान खाल्लं!" भारद्वाज फांदीवर उड्या मारू लागला. "आजवर कुणाची छाती झाली नव्हती!"

"तू जरा गप रे," गवा म्हणाला. त्यानं मान खाली करून देठ हुंगला. "कोंबडीबाई, हा देठ तू मुद्दाम आणलास?"

"दुसरं काही उरलंच नाही, आबा."

गव्याच्या नाकपुड्या थरथरल्या. म्हातारा हसत होता. "अगं, देठच तर लागतो. पान कशाला, तर दिवस कळायला. देठ कशाला, तर अडचण सांगायला. ज्याला जमत नाही त्यानं सभेआधी देठ आणून द्यायचा आणि कारण सांगायचं. मग आम्ही पुढचा दिवस देतो. माझ्या आजाच्या वेळेपासूनची रीत आहे ही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं." मग त्यानं मान वर केली. "काय रे भारद्वाजा, पान टाकताना हे सांगितलंस का हिला?"

भारद्वाजाला एकाएकी आभाळात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. "घाईत राहिलं असेल, आबा," तो पुटपुटला.

"बरं, कोंबडीबाई, तुला कधी जमेल?"

किती वर्षं कोंबडी सगळ्यांच्या वेळा सांभाळत आली होती. खार उशिरा यायची, हरिणी लवकर यायची, साळिंदर पोराला न्यायला विसरायचासुद्धा. पण तुला कधी जमेल, असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"मोहाचा बहर संपला की येईन, आबा. तेव्हा सगळी जवळपास असतात."

"मग जांभळं पिकली की ये. पण सवलत एकदाच हं. तेव्हा पोरांची सोय लावून यायचं."

त्याच संध्याकाळी कोंबडीनं आईबापांना जाळीपुढे थांबवलं आणि सगळं सांगितलं. महिनाभर आधी.

साळिंदरानं काटे फुलवले. "म्हणजे त्या दिवशी माझी झोप गेली म्हणायची!"

हरिणी त्याच्याकडे वळून म्हणाली, "दादा, गेल्या थंडीत मावशीचा पाय लचकला होता. तेव्हा एका पायावर उभं राहून तिनं तुमच्या पोराला भरवलं. तुमची झोप एक दिवसही मोडली नाही. आठवतं का?"

साळिंदराचे काटे हळूहळू खाली बसले. "मग... दुपारी मी बघतो पोरांना," तो म्हणाला. "एक दुपार ती काय!"

"सकाळ माझी," हरिणी म्हणाली. खारीनं संध्याकाळ घेतली. ससा बिचारा आधीच मान खाली घालून बसला होता. "पान आमच्यांनी खाल्लं," तो म्हणाला. "ज्याला जे जमणार नाही ते मी करीन." टिटवीचं नाव कुणाच्या तोंडीही आलं नाही.

जांभळं पिकली. ठरल्या दिवशी कोंबडी सभेत पंच म्हणून बसली. दुसरे चार पंच होते रानडुक्कर, घोरपड, मोर आणि कोल्हा. पुढे उभी होती वानरीची धाकटी लेक, मधानं माखलेली, हुंदके देत. मधमाश्यांच्या राणीची तक्रार होती, "काल हिनं आमचं पोळं तोडलं. हिला जंगलाबाहेर घालवा."

"मी नाही तोडलं," पोर म्हणाली.

"मग अंगावर काय, दव पडलं?" कोल्हा म्हणाला. त्याला घरी जायची घाई होती. मोर पिसारा सावरून निघायच्याच बेतात होता. घोरपडीनं डोळे मिटले होते, रानडुकराला भूक लागली होती. चौघांचंही एकच मत, घालवा पोरीला. पलीकडे पोरीची आई दोन्ही हात जोडून उभी होती.

"थांबा," कोंबडी म्हणाली. "पोरी, हात दाखव बघू."

पोरीनं हात पुढे केले. तळवे स्वच्छ होते, कोरडे.

"आबा, मी दिवसभर पोरांतच असते," कोंबडी म्हणाली. "पोरानं काही चोरून खाल्लं की आधी हात बरबटतात, मग तोंड. आणि विचारायला गेलं की हात पाठीमागे जातात. हिचे हात कोरडे आहेत, मध आहे तो डोक्यावर आणि खांद्यावर. तो वरून गळलाय. ही झाडाखाली उभी होती. फांदी का मोडली ते आधी बघा."

गव्यानं सुतारपक्ष्याला पाठवलं. तो फांदीचं टोक घेऊन आला. आत वाळवीनं पोखरून भुगा केला होता. पोळ्याच्या वजनानं फांदी आपोआप मोडली होती. राणीमाशी चपापली. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली असती आम्ही," ती म्हणाली आणि पोरीच्या कानाशी जाऊन माफी मागून आली.

दिवस मावळताना कोंबडी धावतपळत जाळीकडे परतली. आत खार पोरांजवळ होती आणि दारात दुपारपासून साळिंदर आडवा पडला होता. त्याच्या काट्यांवर जांभळं खोचलेली होती, शेपटीला वेल बांधलेली होती.

"मावशी," तो क्षीण आवाजात म्हणाला, "एका दुपारीत नाकी नऊ आणले या पाच जणांनी. तू हे रोज करतेस? रोज?" मग तो कसाबसा उठला, तिच्यापुढे वाकला आणि म्हणाला, "तुझे उपकार आहेत गं आमच्यावर. मी कधी बोललो नाही."

"माझ्यावर तुमचे कमी आहेत का?" कोंबडी म्हणाली. "तुम्ही उभे राहिलात म्हणून मी जाऊ शकले. नाहीतर आज एका लेकराला रान सोडावं लागलं असतं."

तेवढ्यात मागे पानं वाजली. वानरी आपल्या लेकीचा हात धरून उभी होती. तिनं लेकीला पुढे केलं. "उद्यापासून हिलाही ठेवशील का, मावशी? तुझ्यापाशी असली की मला घोर नाही."

कोंबडीनं पंख पसरले. महिन्यापूर्वी गवताखाली लपवलेलं ते पान तिला आठवलं. पाच पोरांसाठी ती ज्या सभेपासून पळत होती, त्याच सभेत ही पोर तिची वाट बघत होती. पोर धावत येऊन तिच्या पंखाखाली शिरली, डोक्याला अजून मधाचा वास येत होता.

मग कोंबडीनं, रोजच्या सवयीनं, मोजायला सुरुवात केली. "एक, दोन, तीन, चार, पाच..."

आणि डोळे पुसून म्हणाली, "सहा."

तात्पर्य : अंगावर आलेलं कर्तव्य लपवल्यानं टळत नाही, आपली अडचण वेळेवर आणि खरेपणानं सांगितली, तर वाट दाखवणारेही भेटतात आणि आपल्या जागी उभे राहणारेही.