वीस म्हणता चाळीस ढेपा

घाटमाथ्यावरच्या एका गावात रावबा नावाचा एक गाडीवान राहत असे. गावात गूळ व्हायचा, घाटाखालच्या राजधानीत तो खपायचा, आणि मधली नऊ वळणं रावबाची बैलगाडी उतरायची. राज्याचा कायदा सोपा होता. एका गाडीत वीसच ढेपा घालायच्या आणि उतारावर वेग आवरायला मागे लाकडाचा ओंडका बांधायचा. कायदा मोडला तर शिक्षा गाडीवानाला, कारण कासरा त्याच्या हातात.

गुळाचे व्यापारी मल्लाप्पा शेट कायद्याला फार मान देत. "वीसच भरा हं!" असं ते रोज मोठ्यानं सांगत आणि लगेच पाठ फिरवत. ज्याची गाडी दुपारच्या आत राजधानीत पोचे, त्याला ते भर बाजारात फेटा बांधत. ओंडका बांधलेली गाडी संध्याकाळशिवाय पोचत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ओंडका बांधू नका, असं त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. माणूस साधा नव्हता!

गाडी भरायचा तो हमालांचा मुकादम हैबती. त्या भागात मोजताना पहिल्या नगाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. हैबती लाभापासून वीसपर्यंत खणखणीत आवाजात मोजी आणि एकविसाव्या ढेपेला पुन्हा 'लाभ' म्हणे. त्यामुळे त्याच्या मोजणीत आजवर वीसच्या वर ढेप गेलीच नव्हती.

रावबाला हे सगळं दिसत होतं. पण त्याला तीन फेटे मिळाले होते आणि चौथ्याचा रंग त्यानं मनात ठरवून ठेवला होता.

एकदा राजवाड्यात लग्न निघालं. तिकडे लागणारा गूळ घेऊन रावबाची गाडी निघाली. ढेपा दोनदा वीस, ओंडका घरी. सातव्या वळणापर्यंत बैल गाडी ओढत होते, तिथून पुढे गाडीच बैलांना ढकलू लागली. रावबानं कुलदैवताला हाक मारली आणि उडी टाकली. जुवाच्या दोऱ्या तुटल्या, बैल बाजूला झाले आणि गाडी सरळ पायथ्याच्या भागूबाई कुंभारणीच्या घरात शिरली. भागूबाई शेजारी मीठ मागायला गेली होती म्हणून वाचली. भिंत गेली, भट्टी गेली, दोनशे मडक्यांचा चुरा झाला.

प्रकरण राणीसाहेबांपुढे आलं. कायद्यानं रावबाला तीन वर्षं कैद आणि त्याचे बैल सरकारजमा. रावबा रडू लागला. "मला कोंडा सरकार, पर बैलं नगा नेऊ. लेकरावाणी वाढवल्यात."

"वाईट वाटतं," मल्लाप्पा शेट म्हणाले, "पण मी कासऱ्याला बोटही लावलं नाही."

"अन् म्या तर घाट उतरलोच न्हाई," हैबती म्हणाला. "गाडी झ्याक भरली हुती. ह्येच्याच हातात खोट."

"गाडी उत्तम भरली होती?" राणीसाहेबांनी विचारलं.

"उत्तम!" दोघं एका सुरात म्हणाले.

"छान. मग उद्या दुसरी गाडी अगदी तशीच भरा. राज्यातला सगळ्यांत कसलेला गाडीवान आम्ही देतो. ढेपांवर तुम्ही दोघं बसा आणि घाट उतरून दाखवा."

सकाळी सगळा गाव घाटमाथ्यावर लोटला. शेट आणि हैबती ढेपांवर चढले. त्यांनी खाली दरी पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हैबती, दोन ढेपा उतरव रे."

"दोन कशाला, शेट?" हैबती केव्हाच खाली उडी मारून ढेपा ओढू लागला होता. वीस उतरवल्या तरी त्याचा हात थांबेना. "एकवीस! बावीस!" हे आकडे गावानं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

"ओंडका बांधा!" शेट ओरडले. "एक नको, दोन बांधा! आणि बेतानं हाका, रात्र झाली तरी चालेल!"

"अन् फेटा?" नव्या गाडीवानानं विचारलं.

"घाल तो चुलीत!"

राणीसाहेब हसल्या. "आता सांगा, खोट कुणाच्या हातात?"

"आमच्याही," दोघं एका सुरात पुटपुटले. रावबाला मात्र हुरूप आला. "म्हंजी मी सुटलो, सरकार!"

"तू कसा सुटलास? गाडी किती भरलीय ते तुला दिसत होतं. 'मी नेत नाही' एवढं म्हणायला काय झालं होतं?"

रावबाचा चेहरा पडला. तेवढ्यात गर्दीतून भागूबाई पुढे आली. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "राणीसाहेब, एक इचारू? त्या दिशी तुमचा घोडेस्वार माझ्याच दारात पाणी पिऊन वर गेला. दुपारच्या आत गूळ न्हाई आला तर परत धाडू, असा सांगावा हुता त्येच्याकडं. त्यो सांगावा कुणी धाडला हुता?"

प्रधानजी उगाच खोकले. राणीसाहेब ओशाळल्या, आणि खोटं कशाला सांगू, मनापासून ओशाळल्या. सांगावा त्यांनीच धाडला होता. "तुझं बरोबर आहे, बाई," त्या म्हणाल्या.

त्याच जागी कायदा बदलला. माल धाडणारा, भरणारा, नेणारा आणि मागवणारा, सगळे सारखे जबाबदार ठरले. रावबाची कैद टळली आणि बैल त्याच्याकडेच राहिले, पण भागूबाईचं घर उभं राहीपर्यंत चौघांनी तिथं राबायचं ठरलं. रावबा माती आणी. हैबती विटा वाही. शेट धापा टाकत पाणी शेंदीत. राणीसाहेब लुगड्याचा काष्टा खोचून चिखल तुडवीत, आणि भागूबाई बाजल्यावर बसून म्हणे, "पातळ झाला, राणीसाहेब. परत तुडवा."

तात्पर्य: कासरा एकाच्याच हातात दिसला तरी गाडी अनेकांच्या हातांनी हाकली जाते, म्हणून रस्त्यावर कुणाला इजा होऊ नये याची काळजी धाडणाऱ्यापासून घाई करणाऱ्यापर्यंत प्रत्येकानं घ्यावी, आणि चूक झाली तर प्रत्येकानं ती भरून द्यावी.