सोडून गेलेल्या घरांची पाळी

कोणे एके काळी, आपल्या खापरपणजोबांच्याही आधी, नदीकाठी काचेच्या बांगड्यांचं एक नगर होतं. पश्चिम काठावर गोरी माणसं राहायची, पूर्व काठावर काळी. काळ्यांनी दिवसभर पश्चिमेला राबायचं आणि दिवस मावळायच्या आत पूल ओलांडून घरी जायचं, असा कायदा होता. बांगड्या सतरा रंगांच्या आणि शेजारी मात्र एकाच रंगाचा! काय म्हणावं या लोकांना?

पुढे राजालाच लाज वाटली, त्यानं कायदा मोडला. तेव्हा पूर्वेची सगुणा पश्चिम काठावरच्या भट्टीच्या आळीत घर घेऊन राहायला आली.

आळीत तीस घरं आणि मधोमध सगळ्यांची मिळून एक भट्टी. रोज एका घराची पाळी. त्या घरानं जाळ सांभाळायचा. जाळ विझला तर काच वितळवायच्या मुशी गार पडून तडकायच्या, मग सगळं नगर उपाशी. पाळी गोऱ्यांची असली तरी लाकडं सारायला माणसं पूर्वेचीच असायची. सगुणाचा जन्म त्यातच गेला होता.

तिनं चूल मांडली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या दाजीबा कासारानं गाडी जुंपली.

"दाजीबा, माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही गं बाई. पण सगळेच निघालेत म्हणे. मग मी एकटा मागे राहून काय करू?"

गंमत बघा, प्रत्येक जण हेच म्हणत होता! चार दिवसांत एकोणतीस घरं ओस पडली. मंडळींनी टेकडीपलीकडे नवं नगर वसवलं. कोतवालानं आळीची झाडलोट बंद केली, दिवे बंद केले.

"तिथं आता राहतंच कोण?" तो म्हणाला.

"मी राहते की!" सगुणा कडाडली. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तीन दिवस तिनं एकटीनं जाळ राखला. भुवया जळाल्या, तळहात सोलून निघाले. चौथ्या दिवशी लाकूड उचलेना, तेव्हा ती उरलेली लाकडं पायानंच भट्टीत ढकलून तडक पूर्वेला आपल्या माणसांकडे गेली.

तिची म्हातारी आत्या फणकारली, "ज्यांनी आपल्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्यांच्या पाळ्या आपण करायच्या?"

"आत्या, राग मलाही आहे. पण जाळ विझला तर त्यांचं काही जात नाही. उपाशी आपण मरू."

आत्यानं तिचे सोललेले तळहात उलटसुलट करून पाहिले. मग पदर खोचून पहिली तीच उठली.

तिच्यामागून घरंच्या घरं आली. त्यांनी आळी झाडली, दिवे लावले. जाळाची विद्या त्यांच्याकडे होती, बांगडी वळायची नव्हती. पहिल्या बांगड्या जिलबीसारख्या झाल्या. हसत, हात भाजून घेत ती माणसं शिकली. काय जिद्द म्हणायची ही!

तिकडे नव्या नगरात भट्टी बांधली, पण जाळ कसा चढवायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी भडका केला आणि साऱ्या मुशी तडकल्या. तिथंही एक काळं कुटुंब राहायला आलं, तशी मंडळी पुन्हा पळाली.

दाजीबा मात्र थकला. काही वर्षांनी तो आळीत परत आला आणि भट्टीसमोर मान खाली घालून उभा राहिला. हाकलून द्यावं, असं सगुणाच्या अगदी ओठावर आलं होतं.

"पाळी करणार असाल तर बसा," ती म्हणाली.

दाजीबा जन्मात पहिल्यांदा धगीसमोर बसला. घटकाभरात घामानं न्हाला.

"सगुणाबाई, इतकी वर्षं पाळी माझी आणि घाम तुमचा होता हो!"

"आत्ता कळलं होय? हळू सारा, मूस तडकेल."

बाकीचे टेकड्यांमागून टेकड्या ओलांडत राहिले आणि बांगडी वळायचंही विसरले. भट्टीच्या आळीच्या बांगड्या मात्र देशोदेशी गेल्या.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या रंगाला भिऊन पळणारे नगर ओस पाडतात, आणि पाय रोवून राबणारे ते पुन्हा वसवतात.