आगाऊ पेढ्यांची कहाणी

ऐका निकालमाई, तुमची कहाणी. बायांनो, हातात तांदूळ घ्या, फोन पालथे घाला.

आटपाट नगर होतं, नगरात गल्लोगल्ली क्लास होते. राजानं सगळ्या पोरांना एकच परीक्षा नेमली होती. तिच्यात जसे गुण पडतील तसं कॉलेज मिळे. त्या नगरात हेमलता नावाची बाई होती. नवरा पोस्टात, लेक एकुलती एक, तिचं नाव शाल्मली. लेकीला पूल बांधायला शिकायचं होतं.

परीक्षेआधी सराव परीक्षा झाल्या. पहिलीत दोनशेपैकी एकशे साठ पडले. दुसरीत एकशे सत्तर पडले. तिसरीत एकशे ऐंशी पडले. हेमलतेला आनंद मावेना. मग तिनं काय केलं? निकालाची वाट न बघता पेढे आणले. शाल्मली म्हणाली, "आई, अजून परीक्षा व्हायचीय." हेमलता म्हणाली, "अगं, झाल्यातच जमा आहे." मग एक पुडा मळेकरवहिनींकडे दिला, एक तांबटकाकूंकडे दिला, एक थोरल्या जाऊबाईंकडे दिला. जाऊबाईंचा जरा मोठा दिला. "एकशे ऐंशी आलेच म्हणून समजा," म्हणाली.

माई कोपली. कोणी म्हणे पेपरच कठीण होता, पण कहाणीत माईच कोपते. निकाल लागला. एकशे अठ्ठावीस. हेमलतेनं चष्मा पुसून पाहिलं, एकशे अठ्ठावीस. नवऱ्याला पाहायला लावलं, एकशे अठ्ठावीस.

मग शाल्मली खोलीत गेली, दार लावून घेतलं. जेवायला बोलावलं तर येईना. कॉलेजांची नावं भर म्हटलं तर भरीना. "मी कुठंच जात नाही," म्हणे. मुदत तर दुसऱ्या दिवशी संपत होती. इकडे हेमलता भाजीला मागच्या गल्लीनं जाऊ लागली, देवळात आरती संपल्यावर जाऊ लागली, फोन वाजला की आंघोळीला जाऊ लागली. एका दिवसात तीन आंघोळी झाल्या.

तिसऱ्या आंघोळीनंतर दारात एक म्हातारी आली. म्हणाली, "बाई बाई, लेकीचे पेढे सगळ्यांना पोचले, मला नाही पोचले." हेमलतेला रडू फुटलं. "आजी, ते आगाऊ होते. लेकीला एकशे अठ्ठावीसच पडले."

"मग लेकीसाठी रडतेस की पेढ्यांसाठी?"

हेमलता खाली बघू लागली. "दोन्हीसाठी," म्हणाली.

"खरं बोललीस, म्हणून वसा सांगते. ज्या ज्या घरी पेढा दिला, त्या त्या घरी जावं. खरे गुण आपल्या तोंडानं सांगावे. आपल्या लेकराला नावं ठेवू नये, दुसऱ्याच्या लेकराचे गुण विचारू नयेत. चहा दिला तर प्यावा." हेमलता पाणी आणायला आत गेली, येऊन पाहते तो म्हातारी नाही.

मग हेमलता पदर खोचून निघाली. मळेकरवहिनींकडे गेली. "शाल्मलीला एकशे अठ्ठावीस पडले," म्हणाली, गप्प बसली. वहिनींनी चहा टाकला आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या नेहाला एकशे एकवीस. कुणाला सांगितलं नाही हो." मग तांबटकाकूंकडे गेली, तेच सांगितलं, गप्प बसली. काकू म्हणाल्या, "नातू गावाला गेलाय असं सांगतोय आम्ही. आत झोपलाय. शंभरसुद्धा नाहीत." मग जाऊबाईंच्या दाराशी आली, तिथं पाय उचलेना. त्यांचा निनाद बालवाडीपासून पहिला. तरी गेली, सांगितलं, गप्प बसली.

जाऊबाई उठल्या. मग कपाटातून पेढ्यांचा भला मोठा डबा काढून पुढ्यात ठेवला. "वाटणार होते. एकशे चाळीस पडले, तसाच ठेवला." दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग दोघींना हसू आवरेना. डोळे पुसून जाऊबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "अगं, सगळ्यांचेच उतरलेत, म्हणजे कॉलेजांची यादीही खाली येणार. शाल्मलीनं नावं भरली का? नाही? मग इथं काय बसलीस?"

हेमलता धावत घरी आली, लेकीच्या दाराशी बसली.

"शाल्मली, तिन्ही घरी एकशे अठ्ठावीस सांगून आले."

आतून आवाज आला, "मोठ्या काकूंकडेही?"

"त्यांच्याकडेही."

"काय म्हणाल्या?"

"चहा दिला. यादी खाली येईल, नावं भर म्हणाल्या."

कडी वाजली, दार किलकिलं झालं. "आई, तुला लाज नाही वाटली?"

"पेढ्यांची वाटली. तुझी नाही वाटली."

दार उघडलं. लेक आईच्या गळ्यात पडून पोटभर रडली, मग पोटभर जेवली, मग नावं भरायला बसली. पहिल्या यादीत नाव आलं नाही. दुसऱ्या यादीत आलं. राजधानीतलं मोठं कॉलेज नव्हे, शेजारच्या जिल्ह्यातलं, पण तिथं पूल बांधायला शिकवत.

जशी निकालमाई हेमलतेला प्रसन्न झाली, तशी तुम्हांआम्हां होवो. लेकरांच्या बंद दारांच्या कड्या निघोत, आयांच्या जिभेला खरं बोलायचं बळ येवो. ही दोनशे गुणांची कहाणी, पडतील तेवढ्या गुणांत सुफळ संपूर्ण.