डझनभर घेतले तर कितीला?

“पाचशे लाडू घेतले, तरी भाव एका लाडवाचाच? हे जावयाचं दुकान आहे की दरोडा?”

सासूबाईंचा हा निरोप ऐकला आणि झेंडूगडचे राजे हंबीरकेतू सिंहासनावरून ताडकन उठले. मुकुट घरंगळत गेला तो थेट प्रधानांच्या पायाशी!

“भांडारीऽऽऽ!”

भांडारी दुलबा लगबगीनं पुढे आले. राजेसाहेबांचं ऑनलाइन दुकान तेच सांभाळायचे. एक घेतलं तर पुरता भाव, डझनभर घेतलं तर कमी, शेकड्याला आणखी कमी, अशी त्या दुकानाची ख्याती. पण परवाच सगळा माल जुन्या दुकानातून नव्या ऑनलाइन दुकानात हलवला. झाडू आले, लाडू आले, त्यांचे फोटोसुद्धा आले. सूट तेवढी मागेच राहिली!

“महाराज, सूट कशावर किती, तो हिशेब जुन्या दुकानाच्या पोटात आहे. आत शिरायचा पासवर्ड फक्त बाबडे मुनिमांना ठाऊक.”

“मग विचारा की त्यांना!”

“त्यांनी मौनव्रत घेतलंय, महाराज. लिहूनही देत नाहीत. नुसते गोड हसतात.”

“मग अंदाजे भरू या,” प्रधान हळूच म्हणाले.

“अंदाजे? माझ्या सासूबाई लाडू मोजून घेतात, प्रधानजी! सूट जशीच्या तशी आली पाहिजे. दुकानाचं कुलूप फोडायचं नाही, एक दमडी खर्च करायची नाही. उद्या दुपारचा नगारा झाला की जुनं दुकान बंद. तोवर जमलं नाही, तर भांडारी, अर्धी मिशी उतरवून गाढवावरून धिंड!”

अगं बाई! दुलबांची मिशी म्हणजे काय साधी होती? दोन्ही टोकांवर एकेक लिंबू ठरायचं! ती मुठीत धरून बिचारे घरी आले आणि ओट्यावर मटकन बसले.

त्यांची लेक चांगुणा नुकतीच बाजारातून आली होती. “आबा, मिशी का धरलीय? पळून चाललीय का?”

दुलबांनी सगळं सांगितलं. चांगुणेनं पिशवी खाली ठेवली.

“जुनं दुकान गिऱ्हाइकाला अजून उघडं आहे ना?”

“आहे. पण पोरी, भाव आत, आणि आपण बाहेर!”

“आबा, बाजारात मी भाजीवाल्याच्या डोक्यात शिरते का? बाहेर उभी राहूनच विचारते, एक जुडी कितीला? चार घेतल्या तर? सगळी पाटी घेतली तर? सगळं वदवून घेते आणि म्हणते, बघते हं, जाऊन येते!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुलबांच्या अंगणात आळीतल्या बायका जमल्या. घासाघिशीत एकेक अशी तरबेज, की कासार त्यांना पाहून गल्ली बदलायचे! प्रत्येकीनं मोबाईल उघडला आणि ती जुन्या दुकानात शिरली. झाडू टोपलीत टाकला, एक. मग दोन. मग तीन. भाव कुठे उतरतो त्यावर डोळा!

“अकरापर्यंत ढिम्म! बाराव्याला उतरला गं!”

“गंगूवन्सं, पुढे जा. शंभरापर्यंत चढा!”

“अगंबाई! एकोणपन्नास लाडवांपेक्षा पन्नास स्वस्त पडतात! माझी बारशाची खरेदी फुकट गेली म्हणायची!”

जिच्या टोपलीत भाव उतरला ती हाक मारायची, चांगुणा तो लगेच नव्या दुकानात भरायची, आणि टोपली रिकामी! शेवटचा माल भरून होतो न होतो, तोच नगारा वाजला. धडाम्! दुलबांनी आधी मिशी चाचपली.

दुलबांबरोबर दरबारात आलेल्या चांगुणेनं सगळी हकिगत सांगितली, तेव्हा राजांनी दोन मोबाईल समोर ठेवले. “प्रधानजी, जुनं दुकान आणखी घटकाभर उघडं ठेवा. मी स्वतः ताडून बघतो!” एकात जुनं दुकान, दुसऱ्यात नवं. एकोणपन्नास लाडू टाकले, दोन्हीकडे रक्कम तीच. पन्नास टाकले, दोन्हीकडे एकदम उतरली. पाचशे टाकले, तरी तंतोतंत! राजे खूश झाले. पण हट्टी माणूस, सहज कसा हरेल?

“थांब, मुली! म्हणजे तुम्ही सकाळभर माझ्या दुकानात भाव विचारलात, टोपल्या भरल्यात आणि घेतलं काहीच नाही? दुकानदाराची ही थट्टा! याला शिक्षा आहे!”

दुलबांचा हात पुन्हा मिशीकडे गेला. चांगुणेनं हात जोडले.

“भोगू, महाराज. पण मग रांगेत आमचा नंबर दुसरा. काल बाजारात मी राणीसरकारांच्या मागेच उभी होते. त्यांनी दुकानातले सगळे शालू उलगडायला लावले, सगळ्यांचे भाव विचारले, आणि घेतल्या चार टाचण्या!”

चिकाच्या पडद्यामागे कुणाला तरी जोराचा ठसका लागला.

राजे आधी पडद्याकडे बघत राहिले. मग मिशीतल्या मिशीत हसले, आणि मग असे खदखदले, की मुकुट पुन्हा प्रधानांच्या पायाशी!

“शाबास! भांडारी, मिशी वाचली तुमची! आणि मुली, तुला एक गाव इनाम!”

चांगुणेनं मान तिरकी केली.

“एक घेतलं तर एक. आणि महाराज, दोन घेतली तर?”

पडद्यामागून राणीसरकारांचा आवाज आला, “दोनावर एक आंबराई फुकट! देऊन टाका!”

आणि हसता हसता राजांनी देऊनही टाकली.