बंपरवरचं लिंबू

गाड्यांचे भाग बोलायचे आणि माणसं ऐकत नसत, त्या काळची ही गोष्ट. संग्राम इंगवले नावाच्या तरुणाने आपली लाल स्पोर्ट्स कार शर्यतीसाठी हलकी करून घेतली. मागची सीट काढली, एसी काढला, स्टेपनीसुद्धा काढून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकली. नजर लागू नये म्हणून बंपरला लिंबू-मिरची मात्र बांधली.

गाडीने ट्रॅकवर पहिला नंबर मारला आणि लिंबू फुगलं. घरी येताच म्हणालं, "शेवटच्या वळणावर मीच जोर लावला."

"होय, लिंबूसाहेब," सातही मिरच्या म्हणाल्या.

"अहो, पण वाटेत टायर फुटला तर?" कोपऱ्यातून स्टेपनीने विचारलं.

"मी असताना? तू आपली गप पड तिकडे!"

रविवारी संग्रामने गाडी घाटात नेली. तिसऱ्याच वळणावर टायर फुटला. गाडी दरीकडे घसरत गेली आणि कशीबशी कठड्याला टेकून थांबली. संग्राम उतरला आणि रिकाम्या डिकीकडे बघत बसला. तेवढ्यात कठड्यावरून एक माकड आलं, त्याने लिंबू तोडलं आणि तोंडात कोंबलं.

"बघा!" माकडाच्या गालफडातून लिंबू ओरडलं. "मला काढलं आणि गाडी बंद पडली की नाही!"

"पण साहेब, गाडी तर आधीच..." एक मिरची बोलू लागली. बाकीच्या सहा जणींनी तिला गप्प केलं.

क्रेनने गाडी घरी आणली. संग्रामने नवा टायर बसवला, डोकं खाजवत बराच विचार केला, स्टेपनीकडेही एकदा पाहिलं. मग त्याने बंपरला दोन लिंबं बांधली.